म्हसोबाच्या डोंगरावरून आणलेलं ओझं

या ग्रुपवर भुताखेतांच्या पोस्टखाली हसणाऱ्या इमोजी टाकणारा जो माणूस होता ना... तो मीच. "बीपी चेक करून घ्या", "झोप पुरी होत नाही वाटतं", असल्या कमेंट्स माझ्याच. देव, भूत, चकवा, यातलं काही मी आजही मानत नाही. पण मागच्या चैत्रात जे झालं ते डोक्यातून जात नाही आणि घरात कुणाजवळ बोलायला मला तोंड नाही. म्हणून इथे लिहितोय. ज्यांची मी टर उडवली त्यांनी आता खुशाल माझी उडवावी.

मी सोलापुरात राहतो, चिंचोळी एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. मूळ गाव सांगोल्याच्या बाजूला. नाव देत नाही, गावातली पोरं हा ग्रुप वाचतात. गावाच्या पाठीमागे एक बोडका डोंगर आहे. झाड म्हणाल तर बोरी-बाभळी, बाकी सगळा मुरूम आणि सुटे दगड. वर म्हसोबा, म्हणजे शेंदूर फासलेला दगड, त्याच्यावर छप्परसुद्धा नाही. वर्षातून एकदा आमच्या भावकीतली दोन घरं तिथे आपापलं बोकड नेऊन कापतात. वर पाण्याचा टिपूस नाही, म्हणून शिजवायचं खाली गावात.

खाली आणायची रीत ठरलेली आहे. मटण ज्या त्या घरच्या पुरुषाने खांद्यावरून आणायचं. गाढव नाही, गाडी नाही. दमला तर घरातल्याच दुसऱ्याने खांदा द्यायचा. पण वाटेत कुठेही जमिनीला टेकवायचं नाही. टेकलं की ते डोंगराचं झालं, तिथेच सोडून यायचं, आणि त्या घराचं गावजेवण मोडलं.

आमच्या घरात पुरुष दोनच... थोरला भाऊ अण्णा आणि मी. वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो. तेव्हापासून ओझं अण्णाच आणायचा आणि मी जेवायच्या वेळेला मोटरसायकलवरून हजर व्हायचो. पण त्या वर्षी थंडीत अण्णाला अटॅक आला, स्टेंट टाकावी लागली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पाण्याची घागरसुद्धा उचलायची नाही.

मी म्हटलं, यंदा मी आणतो. मोठ्या ऐटीत म्हटलं. जिमला जातो ना मी, डेडलिफ्टचे व्हिडिओ स्टेटसला टाकतो. आदल्या दिवशी वहिनीने मला चुलीपाशी बसवून घेतलं.

"भावजी, ह्यास्नी मी घरात बसवून ठिवू शकत न्हाय. वर येनारच म्हनत्यात. पण पोत्याला हात लावू दिऊ नका. तुमी जड पडलं म्हनलं की ते घेनारच, मला म्हाईत हाय."

"वहिनी, शब्द देतो," मी म्हणालो. "अण्णाला बोटसुद्धा लावू देणार नाही."

सकाळी लवकर चढलो. अण्णा काठी टेकत, बसत-उठत आला. बरोबर रशीदचाचा, गावचे मुलाणी. पिढ्यान् पिढ्या म्हसोबाचं बोकड त्यांच्याच घरातलं माणूस हलाल करतं. चुलतभाऊ दत्ता त्याच्या घरचं ओझं न्यायला आलेला. चाचांनी दोन्ही बोकडं सोलली, मांड्या-फऱ्या सुट्या केल्या, ओल्या धोतरात लिंबाचा पाला घालून मटण बांधलं आणि वरून गोणपाट. हाडं आतल्या अंगाला राहतील असं रचलं, पाठीला टोचू नये म्हणून. आमचं बोकड दांडगं होतं. दत्ताने हात दिला, मी पोतं उजव्या खांद्यावर घेतलं. अण्णा पुढे झाला तसा मी खेकसलो, "तू लांब हो."

पहिला टप्पा मजेत गेला. मी सेल्फीसुद्धा काढला.

ज्यांनी कधी ताजं मटण वाहून नेलं नाही त्यांना सांगतो, लोखंड बरं. लोखंड हलत नाही. मटण कोमट असतं, पावलागणिक सरकतं, डावं पाऊल टाकलं की सगळं वजन मानेवर येतं. पोत्यातून लाल पाणी झिरपून कॉलरमध्ये उतरतं, त्यावर माशा. हात वर धरून धरून बोटांना मुंग्या येतात. आणि उतार... चढाला फक्त दम लागतो, उताराला गुडघे जातात. माझे स्पोर्ट्स शूज महागातले, पण पायाची बोटं पुढे आदळून आदळून नखं काळी पडली. मुरमावर पाय घसरला की पोत्यासकट अख्खं अंग सावरायचं, तेही पोतं न टेकवता. जिममध्ये वजन टेकवायला रॅक असतो, इथे काय आहे?

दत्ता पुढे निघून गेला. अण्णा आणि चाचा माझ्या मागे. मला काठीचा आवाज यायचा आणि थोड्या थोड्या वेळाने अण्णाचा.

"म्हेश, दितूस का जरा?"

"नाही."

"आरं वळणापतूर. मग तूच घे की."

"अण्णा, गप चाल. वहिनीला तोंड दाखवायचंय मला."

डोंगराच्या कमरेला एक घळ लागते. तिथे उतरायला नीट वाटच नाही, दगडावरून दगडावर पाय टाकायचा. त्या घळीत माझे पाय लटपटायला लागले. म्हणजे थकून दुखणं वेगळं, हे तसलं नव्हतं. मांड्या माझं ऐकत नव्हत्या. पोतं घसरायला लागलं. टेकवलं तर जेवण मोडणार, ते गेलं खड्ड्यात. पण पोतं टेकतंय असं दिसलं असतं तर अण्णाने झेप घेऊन खांदा घातला असता, आणि मग काय झालं असतं ते मला पक्कं ठाऊक होतं. एवढं सगळं कळत होतं. तरी त्या क्षणी मनात जे आलं ते अण्णाचा विचार करून आलेलं नव्हतं. मी पुटपुटलो, "कुणीही घ्या रे बाबा. कुणीही घ्या, पण माझ्या अंगावरचं हे उतरवा."

आणि उतरलं.

पोतं खांद्यावरच होतं. मी हात लावून बघितलं, ओलंच होतं, तेवढंच फुगलेलं. पण वजन नव्हतं. खांद्यावर नुसता टॉवेल टाकल्यासारखं. मान सरळ झाली, श्वास आला. मला वाटलं, दमलेल्या अंगात पुन्हा जोर येतो, ह्यालाच सेकंड विंड म्हणतात. ऐकलं होतं, आज आला. मी भराभर उतरायला लागलो. दगडावरून दगडावर चक्क उड्या मारत. इतका खूश झालो की शीळ घालायला लागलो, लहानपणी शेतावर घालायचो तशी.

आता लिहायला जड जातंय ते सांगतो. मागचा काठीचा आवाज हळू झालेला मी ऐकला होता. मग तो थांबला, तेही ऐकलं. एकदा चाचांचा आवाज आला, "काय होतंय रे तुला?" मला वाटलं... खरं म्हणजे मला काहीच वाटलं नाही. अंग हलकं झालं होतं आणि मला मागे वळून बघायचं नव्हतं. मी वळलो नाही.

गावात पोचलो, ओट्यावर लोक थांबलेले. दोघांनी मिळून माझ्या खांद्यावरून पोतं उतरवलं, एकजण म्हणाला, "आयला, लई वजन हाय की." पाठीवर थापा पडल्या. सोलापूरला राहून बी गडी हटला न्हाय, वगैरे. मी हसत होतो. वहिनी दारात होती, तिने नजरेनेच विचारलं आणि मी मान हलवली, म्हणजे काळजी नको.

मग अण्णा आला. चाचांनी त्याला कमरेला धरून आणलं. उजव्या बाजूला पार वाकलेला, चेहरा राखेसारखा, ओठ पांढरे. पांढऱ्या सदऱ्याचा उजवा खांदा कमरेपर्यंत लाल पाण्याने भिजलेला. माझ्या शर्टावर वर असताना उतरलेला जो ओघळ होता तो केव्हाच वाळून कडक झाला होता.

"हात बी लावला न्हाय त्यानं," चाचा सगळ्यांना सांगत होते. "मी बाजूलाच हुतो. घळीच्या वर एकाएकी खांदा वाकवला अन् असा चालाया लागला की डोक्यावर डोंगर घेतलाय. बस म्हनलं तर बसंना. म्हनं, टेकायचं न्हाय."

गाडी काढली, सांगोल्याला नेलं, तिथून सोलापूर. गाडीत वहिनीने त्याचा सदरा काढला. खांद्यावर निळा-लाल वळ होता आणि त्यात गोणपाटाची वीण उमटली होती. उभे-आडवे धागे मोजता येतील अशी. वहिनीने त्यावर बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तुमी दिलंत न्हवं त्यांच्याकडं?"

"नाही वहिनी. शपथ."

खोटं बोललो नव्हतो मी. पण तिला जराही वाटलं नाही की मी खरं बोलतोय. आणि मलाही नाही. हॉस्पिटलात डॉक्टरांनी तेच विचारलं, काय उचललं होतं यांनी? बाहेर मी वहिनीपासून एक खुर्ची सोडून बसलो होतो.

अण्णा वाचला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वॉर्डात आम्ही दोघेच असताना मी विचारलं.

"अण्णा, त्या घळीत काय झालं?"

तो म्हणाला, "तुजं पाय थरथरत हुतं. तू देईनास. म्या मनात म्हनलं, आपल्याकडं येऊ दे. तर आलं."

"आलं म्हणजे?"

"आलं म्हंजी आलं. आता काय सांगू तुला."

"मग हाक का नाही मारलीस मला? मी पुढेच होतो की."

"तू शीळ घालीत हुतास," तो म्हणाला. "लई वर्सानं ऐकली. बरं वाटलं."

मी उठून बाहेर आलो. पार्किंगमध्ये उभा राहून रडलो. ह्याहून जास्त काही लिहीत नाही.

माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, खांद्यातली नस दबली की बधिरपणा येतो, वजन जाणवत नाही. ठीक आहे, माझं झालं. मग अण्णाच्या खांद्यावरची वीण? तो म्हणाला, वर असताना तो पोत्याला टेकून बसला असेल. नव्हता बसला. मी स्वतः त्याला लांब ठेवला होता. आणि सदरा भिजला तो कशाने? त्यावर त्याने विषय बदलला. मीही सोडून दिला. मला एक्स्प्लनेशन सापडलेलं नाही. सापडलं तरी मी शीळ का घालत राहिलो त्याचं काय करू?

चैत्र पुन्हा आलाय. मी वर्षभर पहाटे ज्वारीचं पोतं खांद्यावर घेऊन बिल्डिंगचे जिने उतरतोय, शेजारी हसतात. अण्णा फोनवर म्हणतो, "यंदा बी तूच आण, मागल्या साली झ्याक आणलंस." वहिनी फोनवर येत नाही. अण्णाला या वेळी घरात कोंडून ठेवणार आहे म्हणे. पण तो खाली ओट्यावर बसला काय आणि माझ्या मागे चालला काय, त्याने काही फरक पडेल असं आता मला वाटत नाही.

मी देव मानत नाही. तरी त्या शेंदराच्या दगडापुढे हात जोडून एकच मागणार आहे, की यंदा ते ओझं शेवटपर्यंत मला जडच लागू दे.