विटोमिर मिस्त्री आणि पुसलेला बर्फ

विटोमिर मिस्त्री कोणाच्याही घरी गेले की आधी कॉफी पितात, मग हत्यारांची पेटी उघडतात. त्यांच्या लेस्कोवात्स शहरात याला कोणी आळस म्हणत नाही. कॉफी निवेपर्यंत ते फ्रिजचा आवाज ऐकत बसतात. फ्रिजच्या कारखान्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. कारखाना बंद पडला तेव्हा कोणी खुर्ची नेली, कोणी कपाट. "मी कान घेऊन आलो," असं ते सांगतात.

त्या कानांना देसांकाबाईंच्या फ्रिजने दोनदा फसवलं.

तक्रार ठरलेली. पंधरा दिवस बरे जायचे. मग पंखा कुठेतरी घासल्यासारखा खरखरायचा, वरच्या कप्प्यात मांस दगडासारखं आणि खालच्या कप्प्यात दूध नासलेलं. फोन केल्यावर मिस्त्री दुसऱ्या दिवशी यायचे, तर फ्रिज शहाण्या मुलासारखा गप्प. वरच्या कप्प्यातला मागचा पत्रा काढला, तर आत सगळं कोरडं, चकचकीत.

"वहिनी, याला काही झालेलं नाही."

"म्हणजे मला झालंय?"

"तसं मी म्हटलं नाही."

"तोंडाने नाही म्हटलंत. भुवईने म्हटलंत."

देसांकाबाईंना ही गोष्ट हसण्यावारी नेणं परवडणारं नव्हतं. त्यांच्या घरच्या संताचा दिवस, म्हणजे स्लाव्हा, नोव्हेंबरात येतो. त्या दिवशी आमंत्रण कोणाला द्यायचं नसतं. ज्याला आठवण असते तो येतो, आणि त्यांच्याकडची आठवण चाळीस जणांना तरी असते. गेल्या वर्षी क्रीमचा केक आंबला आणि तीन पाहुणे दोन दिवस अंथरुणात पडले. तेव्हापासून जाऊबाई झागोर्का भेटेल तिथे म्हणायची, "एकटीने किती ओढशील गं? यंदा मेणबत्ती आमच्याकडे लावू." संताची मेणबत्ती एकदा दुसऱ्या घरी गेली की परत येत नाही, हे दोघींनाही माहीत होतं. नवरा गेल्यानंतर देसांकाबाईंकडे त्याची म्हणून तेवढी एक मेणबत्ती उरली होती.

दुसऱ्या खेपेला मिस्त्री जायला उठले आणि दोन गोष्टी त्यांच्या नजरेला पडल्या. खुर्चीवर केस वाळवायचा ड्रायर होता आणि हात लावला तर कोमट. बाईंचे केस मात्र रुमालाखाली कोरडे. शिवाय फ्रिजच्या मागची पाण्याची थाळी काठोकाठ भरलेली.

स्लाव्हाला चार दिवस उरले असताना फोन आला. दूध पुन्हा नासलं होतं.

"उद्या सकाळी येतो," मिस्त्री म्हणाले, आणि अर्ध्या तासात दारात उभे राहिले.

देसांकाबाईंच्या हातात स्पंज होता. घरभर व्हिनेगरचा वास.

"उद्या म्हणालात ना! आज नाही. फ्रिज घाण आहे."

"मला घाणच बघायची आहे."

"परका माणूस माझा न पुसलेला फ्रिज बघणार? जीव गेला तरी नाही!"

"वहिनी, डॉक्टरकडे जाताना ताप घरी ठेवून जाता का?"

बाई दारातून बाजूला झाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच मिस्त्रींनी कॉफी नंतरवर ढकलली. पत्रा काढला. मागे नळ्या दिसतच नव्हत्या. पांढऱ्या बर्फाची भिंत होती आणि पंख्याचं पातं तिला घासत होतं. तिच्यामुळेच गार वारा खाली उतरत नव्हता.

"या जातीचा फ्रिज दिवसातून दोन-तीनदा स्वतःला शेकून घेतो," मिस्त्री म्हणाले. "टायमर हुकूम देतो, थर्मोस्टॅट परवानगी देतो, हीटर काम करतो. तिघांतला एक कामचुकार आहे."

स्क्रूड्रायव्हरने त्यांनी टायमर हलकेच फिरवला. टक् झालं, मोटर थांबली. टायमर निर्दोष. पण बर्फाजवळ ऊब काही येईना. प्लग काढून त्यांनी हीटर मीटरवर तपासला, तोही धडधाकट. राहिला बर्फात रुतलेला, बाटलीच्या झाकणाएवढा थर्मोस्टॅट. त्याच्या दोन तारांना मीटर लावला. काटा हलला नाही.

"हा गारठला की जोडतो, ऊब आली की सुटतो. तुम्ही आत शेकून ठेवलंत की हा सुटलेलाच दिसणार, धड असो वा मेलेला. याला बर्फातच पकडावं लागतं. आज बर्फातही सुटलेलाच आहे, म्हणजे मेलेला."

देसांकाबाई स्पंज धरून खाली बसल्या. "म्हणजे दर वेळी तुम्ही यायच्या आधी मी ड्रायरने बर्फ वितळवून, पुसून..."

"दर वेळी तुम्ही फ्रिज दुरुस्त करत होतात. फक्त पंधरा दिवसांपुरता."

बाई आधी लाजल्या, मग इतक्या हसल्या की वरच्या मजल्यावर ऐकू गेलं. नवा थर्मोस्टॅट पेटीत होताच. तो जोडून झाल्यावर मिस्त्रींनी हुकूम सोडला, "आता आणा तो ड्रायर." बाईंनी मनसोक्त बर्फ वितळवला आणि मिस्त्रींनी कॉफी घेतली. निघताना मात्र बजावलं, "मी बघून जाईपर्यंत प्लग काढायचा नाही, पुसायचं नाही."

स्लाव्हाच्या दिवशी मिस्त्री आले, अर्थात बोलावल्याशिवाय. मेणबत्ती देसांकाबाईंच्याच टेबलावर जळत होती. झागोर्काने आल्या आल्या फ्रिज उघडला.

"देसांका! इथे चेरीचा डाग आहे!"

"असू दे. तो मिस्त्रींना दाखवायचाय."

केक कापला तर सुरीला चिकटेना, इतका घट्ट. झागोर्काने दोन तुकडे खाल्ले, मग खुर्ची सरकवत मिस्त्रींपाशी आली. "आमचाही जरा खरखरतो हो. कधी येता बघायला?"

मिस्त्री फ्रिजच्या दिशेने कान करून बसले होते. ते वळलेच नाहीत.

"येईन की," ते म्हणाले. "न सांगता."