उणे सहा

ते आधी दिव्याभोवती ओंजळ धरायचे आणि मग म्हणायचे, "प्रकाशाला उणं होता येत नाही, सर. हीच अडचण आहे."

खोपोलीला आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत, मी इतिहास. लोधिवलीहून एसटीने येत. प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळं कापड ठोकून भर दुपारी आत बसत. डबाही तिथेच खात. आम्ही त्यांना आमच्यात जेवायला कधी बोलावलं नाही. त्यांचं घर बौद्ध, आमची घरं जुन्या वळणाची. कोणी काही बोललं नव्हतं. बोलावं लागत नव्हतं.

आत ते उजेडाकडून गणितं करून घेत. दिव्याचा उजेड हा एक आकडा. काळपट फिल्मच्या तुकड्यातून त्यातला जेवढा पार होईल, तो गुणाकार. पण दिवा विझण्यापेक्षा कमी कसा जळणार? म्हणून त्यांनी दोन वाटा केल्या होत्या, एक अधिकची, एक उण्याची. प्रत्येक वाटेच्या टोकाला उजेडावर वीज देणारी चकती, आणि दोन्ही चकत्यांच्या ओढाताणीत एक काटा. काटा डावीकडे गेला की उत्तर उणे.

काटा मात्र थरथरायचा. वीज कमी-जास्त व्हायची, शिळफाट्याकडून ट्रक गेला की टेबल हलायचं. ते म्हणत, "कालवा आहे हा, नुसता गलका. उत्तर त्याच्या आत असतं. दहादा विचारायचं, सरासरी काढायची."

एकदा बक्षीस समारंभाला मुंबईचे एक प्राध्यापक आले. आमच्या विज्ञानाच्या सरांनी त्यांना गळ घालून आत नेलं. सोबत म्हणून मीही गेलो. गणित होतं दोन गुणिले उणे तीन. काटा डावीकडे पाचावर थांबला. मग आठावर. तिसऱ्या वेळी ट्रक गेला आणि काटा भलतीकडेच धावला.

"हे काही ठरत नाही हो," प्राध्यापक घड्याळ बघत म्हणाले.

"अजून सात वेळा बघायचं आहे, सर."

"गाडी चुकेल माझी."

प्राध्यापक गेले. विज्ञानाच्या सरांनी दार लावून घेतलं आणि उरलेले सात आकडे एकेक करून लिहिले. सरासरी सहापेक्षा जराशी कमी आली, उणे.

"आता सांगायचं कुणाला?" ते म्हणाले.

"मला सांगा," मी म्हणालो. मग त्यांनी पहिल्यापासून सगळं समजावलं, अगदी सावकाश. निघताना मी म्हटलं, "येत जाईन." गेलो नाही.

नोकरीत असतानाच ते वारले. मी लोधिवलीला गेलो. त्यांची थोरली बहीण ओटीवर बसली होती. मी नुसतं शाळेचं नाव सांगितलं.

"इतिहासाचं सर तुमीच का?" तिने विचारलं. "तो सांगायचा. म्हनायचा, आक्का, मी एकटा नाय गं तिथं. एक सर हाय, रोज येऊन बसतो."

मी मान हलवली. तिने सतरंजी टाकली, आणि मी बसलो.