टोपडं आटलं

बायांनो, आज उदगीरवरून सगळा माल माघारी घेऊन आले. कुणाला तरी सांगावं म्हणून लिहून राहिले.

प्रदर्शनवाल्यांनी आमच्या बचत गटाला विणायला नवा सुती धागा दिला होता. लई मऊ. मी म्हणलं, आपल्या उन्हाच्या मुलखात मोठं माणूस स्वेटर घालतंय कुठं, तान्ह्या लेकरांचंच विणू. टोपडी, कुंच्या, बंड्या, अन सगळ्यांवर ज्वारीच्या कणसाची नक्षी. नक्षी मीच बसवली.

धागा नवा, म्हणून पहिलं टोपडं धुवून बघायला निघाले, तर जाऊबाई बादली धरून बसल्या. "टँकरचा भरोसा न्हाई अन तू टोपडं धुवून राहिलीस? म्हशीला काय तुझी नक्षी पाजू?"

बरोबर होतं त्यांचं. न धुताच सगळं विणलं.

आज प्रदर्शनाच्या मांडवात माल तपासणाऱ्या मॅडमनं एक टोपडं पाण्यात बुडवून वाळवलं. बाहुलीला बसंल एवढं झालं.

"अहो ताई, हे आटलं की. आधी धुवून बघायचं, एवढं साधं कळत नाही?"

कळतं मॅडम. आमची विहीर आटली, बोअर आटला, मग टोपडं आटलं.

तिकडं माईकवर साहेब सांगत होते, उदगीर नवा जिल्हा झाला की बायांच्या हाताला काम मिळंल. त्यांच्या टेबलावर पाण्याच्या बाटल्या होत्या, अर्ध्या पिऊन सोडलेल्या.

ज्यांच्या नळाला पाणी येतं त्यांनी सांगा. म्हशीच्या तोंडचं पाणी काढून तुम्ही टोपडं धुतलं असतं का? मी धुवायला पायजे होतं, असं आता वाटून राहिलंय. त्याचीच जास्त चीड येती.