शुभाताईंची दुसरी डिस्क

ओसाकाच्या शुभाताई विचारलं तेवढंच सांगत. पहिल्या भेटीत मी विचारलं, "स्टेशन जवळ आहे का?" "आहे," म्हणाल्या. वीस मिनिटं उलट्या दिशेला चालून मी घामाघूम परत आलो, तर म्हणतात, "कुठल्या बाजूला, ते कुठे विचारलंस? प्रश्न नीट विचार, उत्तर नीट मिळतं." चाळीस वर्षं जपानात राहिल्या, पण हा खाक्या मूळचा साताऱ्याचा!

त्यांचे यजमान हारुओ-सान शेजारी बसून हसत. हा माणूस सासूबाईंची जुनी पत्रं मोठ्याने वाचून मराठी शिकला होता. उच्चार तपासायला स्वतःचं वाचन कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवायचा.

पुढे माझी बदली होऊन मी टोकियोत निशी-कसाईला आलो. हारुओ-सान वारले. वर्षभराने ताईंचा फोन आला, "अरे, नवं विंडोज ह्या कॉम्प्युटरवर चालणार नाही म्हणतंय." मला जपानी कांजी लिपी वाचता येत नाही, त्यांना कॉम्प्युटर कळत नाही. मी ऑफिसात डबा खाता खाता विचारायचं आणि त्यांनी पडद्यावरचं जपानी मराठीत सांगायचं, असं चाललं. मेमरी किती? चार. प्रोसेसर? त्यांनी आकडे वाचले. फारच जुना.

"ताई, ह्यात आता काही राम नाही. सी ड्राइव्हवरचं सगळं पेन ड्राइव्हवर घ्या आणि देऊन टाका." त्यांनी तसंच केलं. कॉम्प्युटर खोक्यात घालून कुरिअरने भंगारात गेला. एवढं सगळं फोनवर जमवलं म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

दहा दिवसांनी त्यांनी विचारलं, "ह्यांचं वाचन नव्या कॉम्प्युटरवर दिसत नाही रे. डीमध्ये असायचं."

"डी?"

"दुसरी डिस्क. ह्यांनीच बसवली होती."

"अहो ताई, मग सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

टोमणा नव्हता तो, म्हणूनच जास्त लागला. ऑफिसात सर्व्हर सांभाळणारा मी, डिस्क किती आहेत एवढं विचारायला विसरलो! भंगारवाल्या कंपनीला मोडक्यातोडक्या जपानीत फोन केला. मशीनचा चुरा होऊन गेला होता. तिथला माणूस पुन्हा पुन्हा माझी माफी मागत राहिला.

ताईंना सांगितलं.

"तू ऐकलंयस ना ह्यांना? पत्राची सुरुवात कशी वाचायचे? म्हणून दाखव."

"चिरंजीव सौभाग्यवती शुभा हिस अनेक आशीर्वाद..."

"नाही, असं नव्हे."

मी पुन्हा म्हटलं. "नाही रे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच म्हणायला घेतलं आणि 'सौभाग्यवती'शी थांबल्या.

"मलाही येत नाही," म्हणाल्या.