खिडकीवरचा कागद

आमचे दाजी न्हाणीघरात बसून सर्किट बोर्ड धुतात, हे ताईच्या लग्नानंतर आठवड्याभरात आमच्या घरी कळलं आणि आई डोक्याला हात लावून बसली. नाणं टाकून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमच्या मशीन असत ना, कपाटाएवढ्या? त्यांच्या पोटात हे बोर्ड असतात, आणि दाजी ते दुरुस्त करतात. वर्षानुवर्षांची धूळ, सिगारेटच्या धुराचा तेलकट थर, कुणीतरी सांडलेलं सरबत, सगळं त्या बोर्डावर जमलेलं असतं. दाजी साबणाचं पाणी करतात, दाढीचा जुना ब्रश घेतात आणि बोर्डाला तान्ह्या बाळासारखी आंघोळ घालतात. मग तासभर गच्चीवर उन्हात वाळवतात. "वीज नसली की पाण्याला घाबरायचं काही कारण नाही," एवढंच त्यांनी आईला सांगितलं होतं. त्या वर्षातलं त्यांचं ते सर्वांत मोठं भाषण असावं.

मी त्यांच्या उलट. माझं चष्म्याचं दुकान आहे आणि दिवसभर बोलूनच माझं पोट भरतं. ताई म्हणते, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. खरं आहे ते. म्हणूनच पुढे घडलं त्यात माझे जे हाल झाले ते मलाच ठाऊक.

लांबलांबून लोक दाजींकडे वर्तमानपत्रात गुंडाळलेले बोर्ड पाठवतात. कुणाची मशीन बंद पडलेली, कुणाला लहानपणीचा खेळ मुलांना दाखवायचा असतो. दाजी आधी त्यातल्या खेळाची कॉम्प्युटरवर नक्कल उतरवून घेतात, मग दुरुस्तीला हात घालतात. बोर्ड गेला तरी खेळ जाता कामा नये, हा त्यांचा नियम. शेकडो खेळ त्यांनी असे राखून ठेवलेत. राहिला तो फक्त स्वतःचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

कारण दाजींनी तरुणपणी स्वतः एक खेळ बनवला होता. सायकलच्या दुकानामागच्या एका पत्र्याच्या खोलीत, एका जोडीदाराबरोबर. 'नावाडी' त्याचं नाव. नदीतून ओंडके वाहत येतात, ते चुकवत सात प्रवासी पलीकडे न्यायचे. खेळाची सगळी आखणी दाजींची आणि सूर जोडीदाराचे, कारण दाजींना दारावरची घंटा आणि फोनची घंटा यांतला फरकही कळत नाही. बारा बोर्ड तयार झाले, त्यातले अकरा भंगारात गेले, जोडीदारही देवाघरी गेला. उरलेला एक बोर्ड दाजींच्या खोलीत होता. दर रविवारी आंघोळ झाली की ते तो खोलीतल्या मशीनला जोडून सुरू करत, एक डाव खेळत आणि बंद करत. त्याच्या चिपांचे पाय गंजले होते, नक्कल काढायला त्या उपटाव्या लागल्या असत्या, आणि पाय तुटायची धास्ती होती. "करू निवांत," असं म्हणत वीस वर्षं गेली.

मग एक दिवस वरच्या फळीवरचं काही काढताना दाजी स्टुलावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, तीन आठवडे दवाखान्यात. परतल्यावर ते वॉकर घेऊन चालणार, म्हणून ताईनं त्यांची खोली आवरायला काढली. नावाडी धरून जमिनीवरचे सव्वीस बोर्ड पाहून ती म्हणाली, "छोट्या, आता आहेत तर धुऊनच टाकू. आल्यावर त्यांना बरं वाटेल."

धुणं तिनं इतकी वर्षं पाहिलेलं होतं, त्यात काही चुकलं नाही. पण काही चिपांच्या पाठीवर कागदाचे चौकोनी तुकडे चिकटवलेले होते. काळे पडलेले, तेलकट, कडा सुटलेल्या. ताईनं ते भिजवून नखानं खरवडले. खालून मटाराएवढी गोल काच निघाली. काच म्हटल्यावर मी कसला गप्प बसतो! दुकानातून चष्मे पुसायचं पाणी आणि मऊ फडकं आणलं आणि प्रत्येक काच लखलखीत करून दिली. मग खोलीचा कुबट वास बोर्डांना लागलाय म्हणून रोज सकाळी ते गच्चीवर मांडायचे, संध्याकाळी आत. जिने मीच चढलो. माझे गुडघे बोलायला लागले होते, तरी आम्ही दोघं भारी खुशीत होतो.

दाजी घरी आले. दारातूनच त्यांनी फळ्यांवर ओळीनं लावलेले बोर्ड पाहिले. एक उचलला. काचांवर ऊन चमकलं.

"किती दिवस होते गच्चीवर?"

"पुरते दोन आठवडे!" ताई म्हणाली. "एक दिवस चुकवला नाही."

दाजींनी तिच्याकडे पाहिलं. सुईत दोरा ओवताना बारीक करतात तसे डोळे केले. मग म्हणाले, "छान झालंय."

दुपारी ताई आडवी झाल्यावर त्यांनी मला आत बोलावून दार लावलं. ती काच म्हणजे चिपची खिडकी, ते म्हणाले, तिच्याखाली खेळ लिहिलेला असतो. कडक ऊन त्यातून आठवडाभर आत गेलं की लिहिलेलं पुसलं जातं. म्हणून वर कागद. एकेक चिप त्यांनी तपासायच्या यंत्रात घातली. सगळ्या कोऱ्या. मला ब्रह्मांड आठवलं.

"पंचवीस परत भरता येतील, नकला आहेत," ते म्हणाले. "नावाडीसुद्धा मी पुन्हा लिहीन. डोक्यात आहे. पण सूर त्याचे होते. ते कुठंच लिहिलेले नाहीत."

"दाजी, मीच पुसल्या हो त्या काचा."

"तिला यातलं काही सांगायचं नाही," ते म्हणाले. "जेवण टाकेल ती."

मग मी कागद कापून दिले आणि त्यांनी कोऱ्या चिपांवर ते पहिल्यासारखे चिकटवले. माझे पुढचे तीन आठवडे कसे गेले ते विचारू नका. ताईकडे जायचो, चहा प्यायचो, आणि तोंडाला कुलूप लावून बसायचो. पंचवीस बोर्ड एकेक करून जिवंत झाले. रविवारी मात्र खोलीतून आवाज नाही. दाजी सांगायचे, पाय दुखतो, उभं राहवत नाही.

चौथ्या रविवारी मी स्वयंपाकघरात बसलो होतो. ताई डबे पुसत होती, आणि पुसता पुसता गुणगुणत होती. मी आधी लक्ष दिलं नाही. तेवढ्यात दाजी दारात आले. वॉकर खोलीतच विसरले होते, एका हातानं भिंत धरलेली.

"पुन्हा म्हण," ते म्हणाले.

"अहो, पडाल! बसा आधी."

"पुन्हा म्हण ते."

ताईनं फडकं खाली ठेवलं. "हे ना? हे नाव सुटतानाचं." तिनं गुणगुणून दाखवलं. "बुडल्यावरचं वेगळं. ते तर मला झोपेतही येईल, दर रविवारी तुम्ही बुडायचातच. ओंडका यायच्या आधी तीनदा टुक-टुक-टुक. आणि सातही जण पलीकडे पोचले की एक लांबलचक आहे, पण ते आयुष्यात चार-पाचदाच ऐकलंय."

दाजी खुर्चीवर बसले. इतक्या वर्षांत ती कधी त्या मशीनसमोर उभी राहिली नव्हती. हे सगळं तिच्यापर्यंत भिंतीतून आलं होतं.

"माझ्या हातून पुसलं ना ते?" ताईनं हळूच विचारलं.

मी दाजींकडे बघितलं. "मी एक अक्षर बोललो नाही हां!"

"म्हणूनच तर कळलं," ताई म्हणाली. "तीन आठवडे तू माझ्याकडे येतोस आणि वटवट करत नाहीस? आणि मी काढलेले कागद यांनी परत का लावले असते? माझंच काहीतरी चुकलं असणार. विचारायचा धीर होत नव्हता." तिचे डोळे भरून आले.

"सांगायला हवं होतं मी," दाजी म्हणाले. "पहिल्या वर्षीच. चूक माझी आहे." मग माझ्याकडे वळून, "कागद आण. फोनवर आवाजही घे."

नावाडी परत उभा राहायला आठ महिने लागले. दाजी लिहायचे, यंत्रातून सूर वाजवायचे, ताई स्वयंपाकघरातून ओरडायची, "वर घ्या, वर!" दाजींना वर कुठं आणि खाली कुठं ते कळायचं नाही. दोघांची इतकी बोलाचाली मी त्यांच्या संसारात ऐकली नव्हती. शेवटी तिलाच मशीनसमोर उभं केलं. पहिल्याच ओंडक्याला ती बुडाली. सूर वाजला.

"शेवटचा अजून जरा लांबवा," ती म्हणाली. तो लांबवला, आणि झालं.

या वेळी नक्कल आधी काढली, तीनदा. मग दाजींनी कात्री आणि चिकटकागद ताईसमोर ठेवला. "हे तू लाव."

तिनं सहा तुकडे कापले, एकेका काचेवर ठेवून अंगठ्यानं दाबून धरले. शेवटच्या तुकड्यावर माझ्या खिशातलं पेन घेऊन लिहिलं, 'काढू नये'. जरा विचार करून खाली आणखी लिहिलं, 'उन्हात ठेवू नये', आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. जसा काही मी एकटाच गच्चीवर गेलो होतो!

दाजींनी ते वाचलं. खुर्ची तिच्याजवळ ओढली, आणि कुणी न विचारता सांगायला लागले, या कागदाखाली एक काच असते, काचेखाली खेळ कसा लिहितात, ऊन आत गेलं की काय होतं. ताईला ते सगळं आता पाठ होतं, तरी ती मान हलवत शेवटपर्यंत ऐकत राहिली.