रिकाम्या खुर्चीपुढचा ग्लास

वेण्णा तलावात नौकाविहार आटोपून आम्ही काठावरच्या हॉटेलात बसलो होतो. पाण्यावर धुके उतरत होते. सुनेने स्ट्रॉबेरी क्रीमचा एक ग्लास, पान वाढून ठेवावे तसा, रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला.

"आईंना फार आवडायचं ना," ती म्हणाली.

पत्नी गेल्यापासून तिच्याविषयी अशी विधाने घरात फार होऊ लागली आहेत.

"तिला गार सोसत नसे. दात ठणकायचे," मी म्हणालो.

"काहीतरीच काय, बाबा? इथे आलो की स्वतःसाठी वेगळा ग्लास मागवायची ती," मुलगा म्हणाला.

"मागवायची, आणि एक चमचा खाऊन तुझ्याकडे सरकवायची. तुझं एकात भागत नसे."

मृतांना प्रतिवाद करता येत नाही. तो कुणा जिवंत माणसानेच करायचा असतो. मी केला, आणि माझे म्हणणे खरे ठरले. आईची आवड म्हणून मुलाने इतकी वर्षे जे जपले, ती त्याचीच हाव निघाली.

नातीने ग्लासाकडे हात नेला.

"राहू दे," तो हळूच म्हणाला.

क्रीम वितळून त्यात तांबडे ओघळ पसरत गेले. ग्लास तसाच टाकून आम्ही उठलो. मी शब्द मागे घेतला नाही. घेण्यासारखा तो नव्हताच. मात्र घाट उतरून घरी पोहोचेपर्यंत पत्नीविषयी कुणीही अवाक्षर काढले नाही.