पेटीतली घोंगडी

आमच्या खात्यात संस्कृती दोन कपाटांत आणि एका पत्र्याच्या पेटीत मावते. कपाटांत कलावंतांचे अर्ज, पेटीत त्यांचे पोशाख. बिदरच्या या कार्यालयात मी लागले ती कंत्राटी टंकलेखक म्हणून, पण माणसं कमी, त्यामुळे पेटीची किल्ली आणि तिची नोंदवहीही माझ्याच गळ्यात पडली. उत्सव आला की पोशाख द्यायचे, उत्सव संपला की सही घेऊन जमा करायचे. फेटे, धोतरं, कवड्यांच्या माळा, आणि ‘हलगीवाला: घोंगडी एक, घुंगरांची काठी एक’. ही ओळ मी कितीदा लिहिली असेल याचा पत्ता नाही. लिहिताना हात एकदाही थांबला नाही. आज मला त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

अप्पा, म्हणजे माझे वडील, हलगी वाजवतात. पण कसली, ते सांगायला हवं. आमच्या आज्जाकडे गावकीची हलगी होती. मेलेलं ढोर ओढायचं, दवंडी द्यायची, देवीच्या पालखीपुढं वाजवायचं आणि खांद्यावर घोंगडी टाकून दारोदार भाकरी मागायची. धर्मांतर झालं तेव्हा आज्जानं हलगीचं कातडं फाडलं आणि घोंगडी-काठीसकट चावडीसमोर जाळलं. कडं तेवढं घरी आणून बाबासाहेबांच्या फोटोखाली खिळ्याला अडकवलं. अप्पा त्या रिकाम्या कड्याखाली वाढले.

त्यांनी हलगी हातात घेतली ती फार पुढं, बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्यात कामाला लागल्यावर, जयंतीच्या मिरवणुकीसाठी. तीही फायबरची. कातड्याची हलगी जाळावर तापवावी लागते, फायबरची पान्यानं आवळली की झालं. अप्पांच्या खिशात पेन नसेल पण पाना असतो, असं आई चिडवायची. आता चिटगुप्प्याकडच्या गावोगावची मंडळं त्यांना शिकवायला बोलावतात. मिरवणुकीत त्यांची हलगी ऐकली की माझ्यासारख्या लाकडी बाहुलीचेही पाय हलतात. कुणाच्या दारात मात्र त्यांनी कधी वाजवलं नाही.

आमचं खातं म्हाताऱ्या कलावंतांना मानधन देतं आणि एक ओळखपत्र देतं. मानधनाचं अप्पांना फारसं नव्हतं. ओळखपत्रानं त्यांच्या मनात घर केलं होतं.

“त्याच्यावर कलाकार म्हनून लिवतेत न्हवं?” रविवारी मी गावी गेले की ते हटकून विचारायचे. “आज्जाला गावानं काय काय म्हनलं. मला एकदा सरकारनं कलाकार म्हनू दे.”

अर्ज मीच भरला. कुठला अर्ज पास होतो आणि कुठला पडतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? शेरे मीच टंकत होते. कला परंपरागत आहे काय, मूळ स्वरूप जपलं आहे काय, या दोन रकान्यांत अर्ज अडतो. ‘फायबरचं वाद्य’ असं लिहिलं की गेला. तेव्हा मी हुशारी केली. कन्नडमध्ये छान वळणदार लिहिलं: चार पिढ्यांपासून गावदेवीच्या पालखीपुढे सेवा, चामड्याची हलगी, पारंपरिक वेश. अप्पांना कन्नड फर्डं बोलता येतं, वाचता येत नाही. मी बोट ठेवलं तिथं त्यांनी सही केली. मला वाटलं, रकाना आहे, भरायचा असतो, भरला. एवढ्यानं कुणाचं काय बिघडणार होतं.

मुलाखतीच्या दिवशी अप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. पिशवीतली हलगी त्यांनी दाराबाहेर बाकावर ठेवली, बोलावलं की आणायची म्हणून. आमचे साहेब इकडचेच, बसवण्णांना मानणाऱ्या घरातले. मराठी आमच्यासारखीच बोलतात. टेबलावर बसवण्णांचा फोटो असतो आणि जातीपातीवरून कुणी बोललं तर साहेब त्याला उभं करत नाहीत. माणूस वाईट नाही, हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्यांनी अप्पांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि अर्ज मोठ्यानं वाचायला घेतला. कन्नड ओळ वाचायची, लगेच मराठीत सांगायची. चार पिढ्या. पालखी. सेवा. अप्पांनी चहा न पिताच कप बशीत ठेवला. मी हातातल्या फायली जुळवत राहिले.

“पेटी उघडा,” साहेब मला म्हणाले. “हलगीवाल्याचा पोशाख द्या यास्नी. अर्जावर फोटो मूळ वेशातला लागतोय.”

मी पेटी उघडली. वहीत लिहिलं: घोंगडी एक, काठी एक. घोंगडीला डांबरगोळ्यांचा वास होता. साहेबांनी ती स्वतः उठून अप्पांच्या खांद्यावर टाकली, तिचं टोक नीट केलं आणि काठी हातात दिली. ते सगळं त्यांनी इतक्या प्रेमानं केलं की अप्पांना नको म्हणायला फट मिळाली नाही.

“आता कसं, मूळ सोरूप आलं बगा,” ते म्हणाले.

आज्जाचा आमच्याकडे एकही फोटो नाही. त्या क्षणी तो मला दिसला. सरकारी ट्यूबलाइटखाली, माझ्या नोंदवहीतल्या घोंगडीत, माझ्याच बापाच्या अंगात उभा होता. इतकी वर्षं हीच घोंगडी मी घडी घालून ठेवत होते, गोळ्या बदलत होते, आणि ती काय आहे हे मला कळलं नव्हतं.

“सायेब,” अप्पा हळूच म्हणाले, “हे कुनी लिवलंय?”

“तुमच्याच लेकीनं. लई झ्याक लिवलंय.”

अप्पा माझ्याकडे वळले. “कामून गं?”

“पास व्हावं म्हणून, अप्पा.”

त्यांनी घोंगडी काढली, चौघडी घातली, वर काठी आडवी ठेवली. मग साहेबांना म्हणाले, “माझ्या बापानं हे चावडीम्होरं जाळलंय. म्या त्याच्या म्होरचं शिकलो. ते ऐकायचं आसंल तर हलगी भायेर हाय.”

साहेब गोंधळले. त्यांना खरंच कळत नव्हतं. “पन अप्पा,” त्यांनी विचारलं, “मग आमी जपायचं काय?”

अप्पांनी घोंगडी माझ्या हातात दिली. “जमा करून घे. सही कुठं करू?”

मी वहीत बोट ठेवलं. त्यांनी मराठीत पूर्ण नाव लिहिलं, खाली गाव लिहिलं, आणि बाकावरची पिशवी उचलून स्टँडकडे चालू लागले. हलगी पिशवीतून निघालीच नाही. मी मागं गेले नाही, पुढची मुलाखत उभी होती.

दुपारी साहेबांनी शेरा सांगितला: अर्जदारास कलेच्या मूळ स्वरूपाची माहिती नाही. मी तो टंकला. एकही चूक न करता टंकला, आणि छापून सहीला ठेवला. हे मी केलं यावर माझा अजून विश्वास बसत नाही, पण केलं.

संध्याकाळी पेटीला कुलूप घालताना वही पुन्हा उघडली. रकान्यांच्या रेघा मी मारलेल्या, वरची नावं मीच कन्नडमध्ये लिहिलेली. घोंगडी एक, काठी एक, जमा. शेवटचा रकाना अप्पांच्या सहीचा. त्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, ‘कलाकाराची सही’.

अप्पांना ते वाचता आलं नव्हतं. मी बोट ठेवलं तिथं त्यांनी दुसऱ्यांदा सही केली होती, आणि या वेळी वर लिहिलेलं खरं होतं. वही कार्यालयाबाहेर न्यायची नाही असा नियम आहे. मी ती पिशवीत घातली. रविवारी अप्पांना वाचून दाखवायची आहे, त्यांनी दार उघडलं तर.